तुम्ही विचारलंत म्हणून: पाठच्या मुलाला एमएमआर द्यायची का?

प्रश्न दर वेळी जवळजवळ याच शब्दांत येतो. मोठ्याला ऑटिझम आहे, पाठचं मूल वर्षाचं होत आलंय, त्याला गोवर-गालगुंड-रुबेलाची लस द्यायची का? द्यायचीच असेल तर जरा पुढे ढकलून द्यावी, की तिन्हींसाठी वेगवेगळ्या सुया घ्याव्यात? उत्तर आधीच देऊन टाकते: द्यायची. वेळेवर, एकत्र, दोन्ही डोस. एवढ्याने कुणाचं समाधान होत नाही, हेही मला ठाऊक आहे. कारण पुढचं वाक्य तयारच असतं: ‘लस दिली आणि मूल बदललं, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय.’ यावर ‘कावळा बसायला आणि फांदी तुटायला’ असं म्हणून मोकळं होता येतं. पण ज्याच्या अंगणात फांदी पडलीय, त्याला ते पुरत नाही.

पूर्वी माझं उत्तर वेगळं असायचं. १९९८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटिश डॉक्टर अँड्र्यू वेकफिल्ड आणि सहकाऱ्यांचा बारा मुलांवरचा लेख आला आणि एमएमआरमुळे ऑटिझम होतो ही भीती जगभर गेली. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ने तो लेख मागे घेतला, आणि त्याच वर्षी ब्रिटनच्या वैद्यकीय नोंदणीतून वेकफिल्ड यांचं नाव काढलं गेलं. लसकंपन्यांविरुद्ध खटला उभा करणाऱ्या वकिलांकडून त्यांना चार लाख पस्तीस हजार पौंडांच्या वर मानधन मिळालं होतं. लेखाच्या आधीच त्यांनी गोवराच्या वेगळ्या लशीच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. ही सगळी यादी मी म्हणून दाखवायचे. समोरचा गप्प झाला की मला वाटायचं, पटलं. पटलेलं नसायचंच, आणि त्यात त्याची चूक नव्हती. सांगणारा लबाड निघाला म्हणून त्याचं सांगणं आपोआप खोटं ठरत नाही. ते खोटं का, हे वेगळं दाखवावं लागतं आणि मी ते दाखवतच नव्हते.

ते दाखवता येतं. मात्र त्यासाठी माणसांना सोडून प्रयोगशाळेतल्या नळ्यांकडे वळावं लागतं.

वेकफिल्ड यांनी एक कार्यकारणही मांडलं होतं. लशीतला जिवंत पण दुबळा केलेला गोवराचा विषाणू आतड्यात ठाण मांडतो, आतडं सुजतं, तिथून नको ते पदार्थ रक्तात उतरतात आणि मेंदूपर्यंत पोचतात. हे तपासता येण्यासारखं आहे: आतड्याचा तुकडा घ्या आणि त्यात गोवराचा विषाणू शोधा. २००२ मध्ये डब्लिनच्या एका प्रयोगशाळेने तो सापडल्याचं जाहीर केलं. आतड्याचा त्रास आणि विकासाची अडचण असलेल्या ९१ मुलांपैकी ७५ जणांत, आणि तुलनेसाठी घेतलेल्या ७० पैकी फक्त ५ जणांत. हे आकडे क्षुल्लक नव्हते. ते खरे असते तर मी आज हे लिहीत नसते.

शोध घेतला होता पीसीआरने. ही पद्धत फक्त डीएनएच्या प्रती काढते, आणि गोवराचा विषाणू असतो आरएनएचा. म्हणून आधी एका एन्झाइमकडून आरएनएची डीएनएमध्ये नक्कल करून घ्यावी लागते. त्या एन्झाइमचं नाव रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज. मग तापवण्या-निववण्याची चक्रं सुरू होतात आणि दर चक्राला प्रती दुप्पट होतात. दहा चक्रांत हजारपट, तीस चक्रांत शंभर कोटीपट. या पद्धतीची सगळी ताकद यात आहे आणि सगळं दुखणंही यातच. आधीच्या प्रयोगातला डीएनएचा एखादा कण पिपेटमधून किंवा हवेतल्या सूक्ष्म थेंबातून नळीत शिरला, तर तोही तितक्याच इमानाने वाढतो. म्हणून नमुन्यांबरोबर दोन साक्षीदार नळ्या चालवायच्या असतात. एकीत नमुन्याऐवजी पाणी. दुसरीत नमुना असतो, पण एन्झाइम वगळलेलं. गोवराच्या बाबतीत ही दुसरी नळी सगळा निकाल लावते. नक्कल केलीच नाही तर आरएनए दिसणार कसा? तरीही काही दिसलं, तर ते गोवराचा विषाणू नव्हे, बाहेरून आलेला डीएनए.

२००७ मध्ये अमेरिकेच्या लसभरपाई न्यायालयात ऑटिझमच्या दाव्यांची सुनावणी झाली, तेव्हा पीसीआरचे जाणकार स्टीफन बस्टिन यांनी डब्लिनच्या नोंदींवर साक्ष दिली. एका प्रयोगात एन्झाइमची पायरी चुकून राहून गेली होती, तरी नमुने ‘पॉझिटिव्ह’ आले होते. तेही जवळपास तितक्याच चक्रांना, जितक्यांना एन्झाइम घातल्यावर येत होते. म्हणजे यंत्र जे मोजत होतं ते गोवराचा आरएनए नव्हतंच. त्याच सुनावणीत निकोलस चॅडविक यांचीही साक्ष झाली. वेकफिल्ड यांच्या स्वतःच्या प्रयोगशाळेत हेच काम करणारे ते त्या वेळचे संशोधक विद्यार्थी. या मुलांच्या नमुन्यांत आपल्याला गोवर सापडला नव्हता आणि ते आपण लेख छापून येण्याआधीच वेकफिल्ड यांना सांगितलं होतं, असं त्यांनी शपथेवर सांगितलं. २००८ मध्ये तीन प्रयोगशाळांनी, कोणता नमुना कुणाचा हे न कळू देता, पुन्हा तपासणी केली. त्यांत डब्लिनचीही होती. ऑटिझम असलेली २५ मुलं आणि नसलेली १३. दोन्ही गटांत विषाणू सापडला तो एकेका मुलात.

पैशांच्या यादीपेक्षा मला ही राहून गेलेली पायरी जास्त बोलकी वाटते. तरी यानेही सगळं मिटत नाही, हे कबूल करते. मेला तो एक मार्ग. ‘दुसऱ्या एखाद्या वाटेने होत असेल तर?’ हा तुमचा प्रश्न उरतोच, आणि त्याला प्रयोगशाळेत उत्तर नाही. तिथे माणसंच मोजावी लागतात.

ती मोजून झाली आहेत. डेन्मार्कमध्ये ६,५७,४६१ मुलांचा माग काढला (२०१९): लस घेतलेल्यांत ऑटिझम जास्त नाही. जपानने एमएमआर १९९३ मध्ये बंदच केली, तरी योकोहामात ऑटिझमचं निदान वाढतच गेलं. पण तुमच्या प्रश्नाला नेमकं भिडतं ते २०१५ चं अमेरिकन काम. मोठं भावंड असलेली ९५,७२७ मुलं, त्यांपैकी १,९२९ जणांच्या मोठ्या भावंडाला ऑटिझम. या १,९२९ मध्येही लशीमुळे धोका वाढलेला दिसला नाही. उलट लस घेतलेल्यांत प्रमाण थोडं कमीच दिसलं. त्यावरून ‘लस ऑटिझमपासून वाचवते’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. मुलात काही वेगळं जाणवलं की घाबरलेले पालक लस लांबवतात, त्यामुळे लस न घेतलेल्यांच्या गटात अशी मुलं जास्त जमतात. दोन वर्षांपर्यंत एमएमआर मिळालेली मुलं एरवी ८४ टक्के होती. मोठ्या भावंडाला ऑटिझम असलेल्या घरांत ७३ टक्केच. म्हणजे असं विचारणारे तुम्ही एकटे नाही.

लशी निर्धोक असतात, असं मी म्हणत नाही. एमएमआरनंतर साधारण तीन ते चार हजार डोसांमागे एका मुलाला तापात आकडी येते. तीस ते चाळीस हजारांत एकाच्या प्लेटलेट तात्पुरत्या घटतात. जपानने एमएमआर थांबवली तीही खऱ्या कारणाने: तिच्यातल्या गालगुंडाच्या वाणामुळे मेंदूच्या आवरणाला सूज येत होती. १९९८ मध्ये अमेरिकेत आलेली रोटाव्हायरसची पहिली लस आतड्यात आतडं अडकवायची, दहा हजारांत सुमारे एका बाळाला. वर्षाच्या आत ते लक्षात आलं आणि लस थांबली. दहा हजारांत एक इतकी विरळ गोष्ट वर्षात पकडली जाते. शेकड्यात दोन-तीन मुलांत दिसणारा ऑटिझम लशीमुळे होत असता, तर तो इतकी दशकं लपून राहिला असता का?

पाऱ्याबद्दल दोनच वाक्यं, कारण खरंच कंटाळा आलाय. एमएमआरमध्ये थायमेरोसाल (लस टिकवण्यासाठी घालतात ते पारायुक्त रसायन) कधीच नव्हतं, घातलं तर लशीतले जिवंत विषाणूच मरतील. इतर लशींतून डेन्मार्कने ते १९९२ मध्ये काढलं आणि अमेरिकेने २००१ पर्यंत मुलांच्या नेहमीच्या लशींतून काढलं, तरी निदानाचे आकडे उतरले नाहीत.

आता ‘डोळ्यांनी पाहिलं’ याकडे येते. आलेले शब्द हरवणं बहुधा पंधरा ते चोवीस महिन्यांत घडतं आणि बऱ्याच देशांत पहिला डोस बारा ते पंधरा महिन्यांना असतो. दोन्हींची वेळ जुळणारच. १९९४ मध्ये संशोधकांनी पहिल्या वाढदिवसाच्या घरगुती व्हिडिओ फिती गोळा केल्या. पुढे ऑटिझमचं निदान झालेली अकरा मुलं आणि न झालेली अकरा. बोट दाखवणं, वस्तू दुसऱ्याला दाखवणं, समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघणं, हाकेला वळणं, एवढं मोजल्यावर बहुतेक मुलं बरोबर ओळखता आली. फरक वाढदिवसालाच होता. हे सांगताना मी अडखळते, कारण ऐकणाऱ्याला ते ‘तुमच्या लक्षात आलं नाही’ असं ऐकू येतं. फरक दिसला तो फिती पुन्हा पुन्हा थांबवून मोजल्यावर, केक कापताना तो कुणालाच दिसला नसता. आणि तज्ज्ञांवर विश्वास ठेवा, असं तरी कोणत्या तोंडाने सांगू? एके काळी याच क्षेत्रातल्या तज्ज्ञांनी ऑटिझमचं खापर ‘बर्फासारख्या थंड’ आयांवर फोडलं होतं.

तर पाठच्याचं काय करायचं. रक्त, इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) किंवा जास्त दिवस स्टेरॉइड दिलं असेल, रोगप्रतिकारशक्तीचा आजार असेल, आधी आकडी आली असेल, तर टोचण्याआधी सांगा. अंड्याची अ‍ॅलर्जी आड येत नाही. लशीची भुकटी तिच्याच सोबतच्या द्रावकात मिसळतात आणि ती काही तासांतच संपवायची असते, त्यामुळे कुपी कधी फोडली, हे विचारायला लाजू नका. डोस अर्धा मिली. नंतर पंधरा ते तीस मिनिटं तिथेच थांबा. ताप लगेच येत नाही, सातव्या ते बाराव्या दिवसात येतो. ते दिवस दिनदर्शिकेवर खूण करून ठेवा. ताप आलाच तर पॅरासिटामॉल, दर किलो वजनाला एका वेळी १५ मिलिग्रॅम, सहा तासांच्या अंतराने. सिरपची तीव्रता बाटलीगणिक वेगळी असते, म्हणून चमच्यांचा हिशेब लेबल वाचूनच करा. आकडी आली तर मुलाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेली तर थेट रुग्णालय. तीन वेगळ्या सुयांनी फक्त मधले, संरक्षण नसलेले आठवडे वाढतात. आणि रुबेला वगळायचा विचार तर करूच नका: गरोदरपणी झालेला रुबेला हे ऑटिझमच्या मोजक्या पक्क्या कारणांपैकी एक आहे.

अजून एक गोष्ट, जी ऐकायला कुणालाच आवडत नाही. मोठ्याला ऑटिझम असेल तर पाठच्याला असण्याची शक्यता साधारण पाचात एक असते. लस दिली तरी, न दिली तरी. म्हणजे तुम्ही माझं ऐकून लस द्याल आणि पाच घरांपैकी एकात पुढे निदान होईल. त्या घरात टोचल्याची तारीख पुन्हा डोळ्यांसमोर नाचेल, आणि माझे आकडे त्या रात्री काही कामाचे नसतील. ‘मग कशामुळे?’ याचं तुमच्या एका मुलापुरतं उत्तर माझ्याकडे नाही. आनुवंशिकतेचा वाटा मोठा, जन्माआधीच मेंदूच्या घडणीत फरक, असं सांगता येतं. पण ते सगळ्या मुलांचं मिळून उत्तर झालं.

म्हणून एक करा. लशीच्या आठवडाभर आधी फोनवर दहा मिनिटांचा व्हिडिओ घ्या. मागून नावाने हाक मारा, ओ देतंय का बघा. दूरची वस्तू बोटाने दाखवा, तिकडे बघतंय का. खेळणं आणून दाखवतंय का. अठराव्या महिन्यात हेच पुन्हा करा, आणि सोळा ते तीस महिन्यांसाठीची ऑटिझमची वीस प्रश्नांची चाळणी, एम-चॅट-आर, भरा. शब्द मागे पडत असतील तर आधी कान तपासून घ्या. दोन्ही व्हिडिओ तपासणीला जाताना बरोबर न्या.