बिलावरचे शून्य

यंदा एप्रिलच्या सुरुवातीला आमच्या साताऱ्याच्या घराचे वीजबिल आले आणि ज्या रकान्यात एरवी साडेतीनशेच्या आसपासचा आकडा असायचा, तिथे चक्क शून्य होते. जानेवारीत गच्चीवर तीन किलोवॅटची सोलर पॅनेले बसवली होती, त्यांचे हे फळ. खाली स्थिर आकाराचे रुपये होतेच, पण यशाच्या भरात मी त्यांच्याकडे काणाडोळा केला आणि बिल आईच्या हातात दिले. तिने चष्मा लावून ते दोनदा वाचले आणि विचारले, "अरे, मग महिनाभर रात्रीचा आपला फ्रीज चालला कशावर?"

या प्रश्नाचे उत्तर आमच्या जिन्याखालच्या नेट मीटरमध्ये होते. चांगले ऊन असले की आमची पॅनेले दिवसाला बाराएक युनिटे वीज देतात. पण दुपारी घरात पंखा आणि फ्रीज यांपलीकडे फारसे काही चालू नसल्याने त्यातली बरीचशी वीज तारेवरून बाहेर निघून जाते आणि दिवेलागणीनंतर तीच तार आम्हाला बाहेरची वीज आणून देते. मीटर या दोन्ही आकड्यांची वेगवेगळी नोंद ठेवतो, वजाबाकी करते ते बिल. मार्च महिन्यात आम्ही 250 युनिटे बाहेर पाठवली होती आणि 240 आत घेतली होती. घेतल्यापेक्षा दिलेली जास्त, म्हणून आकारणीला काहीच उरले नाही. शून्य होते ते या व्यवहाराच्या बाकीचे, वापराचे नव्हे.

आत आलेली ती 240 युनिटे कुठली, याविषयी आम्हा सातारकरांची समजूत अभिमानाची असते. कोयना आमच्याच जिल्ह्यात, तेव्हा संध्याकाळचा दिवा तिच्याच पाण्यावर लागत असणार! परंतु तारेतल्या विजेला गाव नसते. चंद्रपूरच्या 2920 मेगावॅटच्या केंद्रात जळणारा कोळसा आणि कोयनेचे पाणी तिथे एक होऊन जातात, आणि देशभराची सरासरी काढली तर एका युनिटामागे सुमारे 700 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्या हिशेबाने शून्य युनिटांच्या त्या महिन्यात आमच्या रात्रींच्या नावावर दीडशे किलोंहून अधिक वायू निघाला होता. अर्थात आमच्या दिवसाच्या 250 युनिटांनी दुसऱ्या कुणासाठी जळणारा कोळसा तेवढाच वाचवला असेल, त्यामुळे बिलाला खोटे म्हणता येत नाही. ते पुरते खरेही नव्हते, एवढेच.

'निव्वळ' हा मराठी शब्द या बाबतीत मोठा दुटप्पी आहे. निव्वळ नफा म्हणजे सगळी वजाबाकी झाल्यावर उरलेला नफा, तर निव्वळ मूर्खपणा म्हणजे ज्यात दुसरे काहीही मिसळलेले नाही असा मूर्खपणा. त्यामुळे 'निव्वळ शून्य उत्सर्जन' हे शब्द वर्तमानपत्रात वाचणाऱ्याला वाटते की आता धूर म्हणून निघणारच नाही. तसे झाले तर ते शून्य कार्बन. निव्वळ शून्यात धूर निघतो, मात्र जेवढा निघतो तेवढाच हवेतून परत काढून घेतला जातो, किंवा तसा घेतला जाईल असे वचन दिले जाते.

खरे शून्य आमच्या गच्चीवर पूर्वी दर उन्हाळ्यात असे, असे मला आधी वाटले होते. आईच्या कुरडया उन्हात वाळत. ना वीज, ना धूर. (त्यांची जागा आता पॅनेलांनी घेतली आहे आणि हे मला अधूनमधून ऐकवले जाते.) पण कुरडईचा चीक शिजतो गॅसवर. सिलिंडरमध्ये गॅस असतो 14.2 किलो, आणि तो जळून हवेत जाणारा कार्बन डायऑक्साइड भरतो सुमारे 43 किलो, कारण जळताना गॅसमधल्या कार्बनच्या प्रत्येक अणूला हवेतल्या ऑक्सिजनचे दोन अणू येऊन चिकटतात. रिकामा सिलिंडर उचलताना हलका लागतो, म्हणून आतले सारे संपले असे आपण धरून चालतो. ते तिप्पट होऊन बाहेर गेलेले असते.

ही भरपाई अंगणातल्या आंब्याकडून करून घेता येईल का, याचाही हिशेब मी मांडला. कोरड्या लाकडाच्या वजनात साधारण निम्मा कार्बन असतो, म्हणून एका सिलिंडरच्या मोबदल्यात आंब्याला 23-24 किलो कोरडे लाकूड नव्याने अंगावर चढवावे लागेल. आमच्या घरात वर्षाला सात सिलिंडर लागतात. शिवाय गॅस दीड महिन्यात जळतो आणि लाकूड वर्षानुवर्षे साठते. मध्येच वादळात झाड पडले आणि त्याचे सरपण झाले, तर साठवलेला सगळा कार्बन पुन्हा आकाशात.

देशांची कथाही फारशी वेगळी नाही. हवामानबदलावरच्या 2015च्या पॅरिस कराराच्या मजकुरात निव्वळ शून्य हे शब्द नाहीत. या शतकाच्या उत्तरार्धात माणसाने सोडलेले आणि शोषून घेतलेले हरितगृह वायू यांचा समतोल साधावा, असे त्यात म्हटले आहे. पुढे ब्रिटनने 2050 साल कायद्यात घातले, चीनने 2060 सांगितले आणि भारताने 2021मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत 2070 जाहीर केले. वजाबाकीची यंत्रे मात्र अजून बाळसेही धरत नाहीत. आइसलँडमध्ये 2021मध्ये सुरू झालेल्या ऑर्का प्रकल्पाची हवेतून कार्बन डायऑक्साइड ओढून घेण्याची क्षमता वर्षाला 4000 टन आहे. जग कोळसा, तेल आणि वायू जाळून वर्षाला 3700 कोटी टनांच्या आसपास सोडते, म्हणजे ऑर्काचे वर्षभराचे काम जगाच्या साडेतीन सेकंदांना पुरते.

मला अधिक खटकते ते वेगळेच. आमच्या घराला शून्य जमते, कारण दिवसाची जास्तीची वीज घ्यायला आणि रात्रीची द्यायला बाहेर कुणीतरी आहे. साताऱ्यातल्या प्रत्येक गच्चीवर पॅनेले आली, तर भर दुपारी सगळेच वीज बाहेर ढकलतील, रात्री सगळेच मागतील, आणि सगळ्यांच्या बिलावर शून्य असूनही कुठल्या तरी केंद्राची भट्टी पेटलेलीच राहील. उद्या सगळी पृथ्वीच असा हिशेब मांडू लागली, तर तिला शेजारी कुठला आणायचा?

हे सगळे मी आईला ऐकवले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी लागणारी पाण्याची मोटर दुपारी बाराला सुरू झाली. वॉशिंग मशीन आणि इस्त्रीही जेवणाआधीच उरकू लागली. मे महिन्यात नवे बिल आले, त्यावरही शून्यच होते. पण बाहेर गेलेली युनिटे 216 होती आणि आत आलेली 206.