चोखलेला रायवळ आणि बोटांवरचे काळे डाग

मे महिन्यात वेंगुर्ल्याजवळच्या माझ्या दवाखान्यात पन्नाशीच्या एक बाई आल्या, तेव्हा त्यांचे ओठ सुजलेले होते आणि तोंडाभोवती पाण्याने भरलेले बारीक फोड उठले होते. दोन दिवसांपूर्वी त्यांनी रायवळ आंबे चोखून खाल्ले होते. "जल्मभर आंबे खातंय डॉक्टरांनू, कधी काय झाला नाय," असे त्या म्हणाल्या. मी अन्नाची अ‍ॅलर्जी समजून सेटिरिझीनच्या गोळ्या दिल्या; त्या हिस्टामिन, म्हणजे अ‍ॅलर्जीत खाज-सूज आणणारे शरीरातले रसायन, रोखतात. वास्तविक तशी अ‍ॅलर्जी बहुधा काही मिनिटांत किंवा दोनेक तासांत उठते, दोन दिवस थांबत नाही, हे मला तेव्हाच सुचायला हवे होते.

दुसऱ्या खेपेस फोड गालांपर्यंत पोहोचले होते. चिठ्ठी घेण्यासाठी त्यांनी हात पुढे केला आणि बोटांच्या पेरांवरचे काळे डाग दिसले. मार्चपासून त्या काजू फोडायला जात होत्या.

काजूच्या टरफलातील तेलात कार्डोल नावाचे त्वचेला झोंबणारे रसायन असते, आणि आंब्याच्या सालीत व देठाच्या चिकात त्याचेच जवळचे भाऊबंद असतात, कारण ही दोन्ही झाडे एकाच कुळातली (बिब्बाही त्यातलाच, हे कोकणात कोणाला सांगायला नको). असा एकटा रेणू इतका लहान असतो की शरीराची प्रतिकारयंत्रणा त्याची दखलही घेत नाही. मात्र त्वचेत शिरून तो तिथल्या प्रथिनांना चिकटला की ते आपलेच प्रथिन टी-पेशींना (प्रतिकारयंत्रणेतल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींना) परके वाटू लागते. रक्तगटांसाठी १९३० साली नोबेल मिळालेले कार्ल लँडस्टायनर यांनी त्याच दशकात गिनीपिगांवरील प्रयोगांतून साध्या रसायनांची त्वचेची अ‍ॅलर्जी आणि त्यांची प्रथिनांशी जोडले जाण्याची क्षमता यांचा संबंध दाखवला. पुढे १९४२ साली त्यांनी व मेरिल चेस यांनी दाखवले की अशी अ‍ॅलर्जी एका प्राण्यातून दुसऱ्यात जाते ती सीरममधून (रक्तातल्या पेशी काढून उरणाऱ्या द्रवातून) नव्हे, तर पेशींमधून. या पेशी जमायला दिवस-दोन दिवस लागतात आणि त्यात हिस्टामिनची भूमिका मुख्य नसते, म्हणूनच माझ्या गोळ्या वाया गेल्या होत्या.

काजूने शिकवलेल्या पेशींनी आंब्याला ओळखले होते. मी स्टेरॉइड सुरू केले, आंबा दुसऱ्याने सोलून दिला तर नुसता गर खायला हरकत नसावी असे सांगितले, आणि कामावर हातमोजे वापरायला बजावले. त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या की हातमोज्यांनी काजूचा गर तुटतो, आणि तुकड्याला पैसे कमी मिळतात.