समुद्रातला जकात नाका आणि माझं तूप

आधीच सांगतो, मी आयात-निर्यातीतला माणूस नाही. बायको नर्स, तिला नॉर्दर्न आयर्लंडमध्ये न्यूरीला नोकरी लागली, मी तिच्या व्हिसावर डिपेंडंट म्हणून आलो, सहा महिने घरी बसून भिंती मोजल्या आणि मग म्हटलं की डाळ-पोहे आणायला प्रत्येक वेळी साठेक किलोमीटरवर बेलफास्टला जावं लागतं तर आपणच एक छोटं दुकान का टाकू नये. गाळा मिळाला, फळ्या ठोकल्या, सेकंडहँड फ्रीजर घेतला. ही २०२४ च्या उन्हाळ्यातली गोष्ट. माल कुठून आणायचा हा मला प्रश्नच वाटला नव्हता, इंग्लंडात आपले एवढे होलसेलर आहेत आणि न्यूरी म्हणजे यूकेच ना, एकाच देशात या गावचा माल त्या गावाला यायला काय लागतं.

एका होलसेलरला फोन केला. गुजराती काका होते, छान बोलले, रेट सांगितले, मग पोस्टकोड विचारला. मी म्हटलं बीटी चौतीस. तिकडे शांतता. मग म्हणाले, "बीटी? नहीं भाई, बीटी में नहीं भेजते." नॉर्दर्न आयर्लंडचे सगळेच पोस्टकोड बीटीने सुरू होतात, म्हणजे काकांनी अख्खा प्रांतच वहीतून खोडलेला. पुढच्या दोघांनीही तेच सांगितलं. एक जण तर म्हणाला, दुबईला माल पाठवणं सोपं आहे. मला वाटलं मस्करी करतोय.

शेजारी हार्डवेअरचं दुकान आहे, चालवणारा म्हातारा सत्तरी ओलांडलेला, चहा प्यायला माझ्याकडे येऊन बसायचा. त्याला सांगितलं तर हसला आणि म्हणाला, अरे बॉर्डर हलवली ना, रस्त्यावरून उचलून समुद्रात नेऊन ठेवली, तुझं तूप आता बोटीतून बॉर्डर ओलांडून येणार.

हे मला तेव्हा नीट कळलं नाही, नंतर फॉर्म भरता भरता कळत गेलं. आयर्लंडची फाळणी १९२१ ची, वर सहा काउंट्या ब्रिटनकडे राहिल्या आणि खालचा भाग वेगळा झाला, मधे जवळपास ५०० किलोमीटरची सीमा आणि ती ओलांडणारे दोनशेहून जास्त रस्ते. १९२३ पासून त्यावर कस्टम्सचे नाके होते. दोन्ही देश युरोपच्या सिंगल मार्केटमध्ये गेल्यावर १९९३ ला कस्टम्स तपासणी संपली, १९९८ ला इथला हिंसाचार थांबवणारा गुड फ्रायडे करार झाला, मग लष्कराचे टेहळणी बुरुजही निघाले, आणि सीमा म्हणजे फक्त पाटीवर मैलाचं किलोमीटर होतं तेवढीच उरली. २०१६ ला ब्रेक्झिटचं मतदान झालं, इथल्या ५५.८ टक्के लोकांनी युरोपात राहू म्हटलं पण एकूण यूकेत ५१.९ टक्के बाहेर पडू म्हणाले. आता ब्रिटन बाहेर आणि आयर्लंड आत, म्हणजे दोघांच्या मधे कुठेतरी माल तपासायलाच हवा. रस्त्यावर नाका कुणालाच नको होता.

का नको होता ते म्हाताऱ्याने एका वाक्यात सांगितलं. २२ ऑगस्ट १९७२, न्यूरीचं कस्टम्स ऑफिस, बॉम्ब, नऊ माणसं गेली. त्यात बॉम्ब आणणारे तिघे होते, चार कस्टम्सचे कारकून आणि दोन ट्रकवाले. ट्रकवाले म्हणजे कागदावर शिक्का मारून घ्यायला थांबलेली साधी माणसं. तो म्हणाला, मी तेव्हा पोरगा होतो, आवाज आठवतो. मग त्याने कप धुऊन ठेवला आणि गेला. त्यानंतर मी "एक नाका टाकला असता तर काय बिघडलं असतं" असं कुणाला म्हटलेलं नाही.

तर तोडगा असा की मालापुरतं नॉर्दर्न आयर्लंड युरोपच्या नियमांत राहणार आणि ब्रिटनहून बोटीने येणाऱ्या मालाचे कागद बघितले जाणार. आधी प्रोटोकॉल म्हणून २०२१ ला लागू झालं, मग भांडणं झाली, २०२३ ला विंडसर फ्रेमवर्क आलं आणि इथेच राहणाऱ्या मालासाठी हिरवी लेन, पुढे आयर्लंडात जाऊ शकणाऱ्या मालासाठी लाल लेन असं ठरलं. वाचायला सोपं वाटतं. आता माझी हिरवी लेन ऐका.

पहिल्यांदा ईओआरआय नंबर, म्हणजे आयात-निर्यात करणाऱ्याचा कस्टम्सकडचा नोंदणी नंबर. जीबीने सुरू होणारा एक घ्यायचा आणि मग त्याच्यावर एक्सआयने सुरू होणारा दुसरा घ्यायचा, एक्सआय म्हणजे नॉर्दर्न आयर्लंड. हे दोन्ही ऑनलाइन पटकन झालं, मी खूश. मग यूके इंटर्नल मार्केट स्कीमची परवानगी. त्यात विचारतात की तुमचा माल ईयूत, म्हणजे युरोपियन युनियनमध्ये, जाणार नाही हे तुम्ही कशावरून सांगता. नाही सिद्ध झालं तर माल "ॲट रिस्क" धरतात आणि त्यावर युरोपची ड्युटी बसू शकते. आता माझं दुकान बॉर्डरपासून दहाएक किलोमीटरवर, शनिवारची अर्धी गिऱ्हाइकं पलीकडच्या डंडॉकहून येणारी. मी दोन रात्री झोपलो नाही. खरं लिहू की नको? शेवटी हेल्पलाइनला फोन करून सरळ विचारलं, बाई शांतपणे म्हणाल्या की दुकानात समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला विकलंत की विक्री इथलीच धरतात, तुम्ही स्वतः डंडॉकला पार्सल पाठवायला लागलात तर गोष्ट वेगळी. मग मी फॉर्ममध्ये स्पष्ट लिहिलं की होम डिलिव्हरी नाही. चार आठवड्यांनी परवानगी आली.

मग ट्रेडर सपोर्ट सर्व्हिस. ही सरकारी खर्चाने चालते, आपल्याला फुकट आहे, आपल्या वतीने कस्टम्सचे डिक्लरेशन तेच भरतात, पण माहिती आपण द्यायची. कुणी नवीन दुकान टाकत असेल तर पहिलं नाव इथे नोंदवा, मी तिसऱ्या महिन्यात नोंदवलं हा माझा गाढवपणा. माहिती म्हणजे प्रत्येक वस्तूचा कमोडिटी कोड, वजन, किंमत, मूळ देश. जिरं ०९०९ मध्ये, हळद ०९१० मध्ये, डाळी ०७१३, तूप ०४०५ मध्ये लोण्याच्या घरात. मला यात मजा यायला लागली होती खरं तर. पोह्यांवर मात्र अडलो, ते तांदूळ की तांदळाचं काही केलेलं, यावर मी आणि बायको रात्री साडेअकराला भांडलो. तिचं म्हणणं, नाइट ड्युटीवरून आल्यावर नवऱ्याने दारात पोह्यांची व्याख्या विचारू नये.

तूप, पनीर वगैरेसाठी वेगळीच स्कीम, रिटेल मूव्हमेंट स्कीम. त्यात मीही नोंदणी करायची आणि पाठवणाऱ्यानेही करायची, आणि डब्यावर "नॉट फॉर ईयू" अशी पट्टी हवी. ही पट्टी २०२३ ला मांस आणि ताज्या दुधापासून सुरू झाली आणि २०२४ च्या ऑक्टोबरपासून दुधाच्या सगळ्याच पदार्थांना लागली, म्हणजे बरोबर मी तूप मागवायच्या वेळी. काकांना परत फोन केला, म्हटलं तुम्ही फक्त नोंदणी करा, बाकी हमाली माझी. ते तयार झाले, का ते मला अजून कळलं नाही, बहुतेक माझी कीव आली.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला ऑर्डर दिली. दिवाळी महिनाअखेरीस, भरपूर वेळ होता. पॅलेट इंग्लंडातल्या हेशम बंदरातून बोटीने इकडे वॉरनपॉइंटला येणार, तिथून न्यूरी दहा किलोमीटर. आणि मी डिक्लरेशनच्या शीटमध्ये सगळ्या ओळींना मूळ देश भारत टाकला, जिरं भारत, हळद भारत, पोहे भारत, तूप भारत. तूप बनलं होतं ब्रिटनमध्ये! डब्यावर गाय आणि देवनागरी अक्षरं बघून माझा हात तसाच खाली ओढत गेला. भारतातला दुधाचा पदार्थ म्हटल्यावर कोण पुढे सोडणार? बरं माझं पॅलेट एकटं नव्हतं, एका ट्रकमध्ये दहा जणांचा माल असतो आणि एकाचा कागद चुकला की दहाही अडकू शकतात, म्हणून ट्रकवाल्याने माझं पॅलेट तिकडेच उतरवून ठेवलं आणि निघून गेला. त्याच्या जागी मी असतो तरी तेच केलं असतं. दुरुस्ती, नवीन कागद, नवीन बोटीचं बुकिंग. दिवाळीचं तूप तुळशीच्या लग्नाला आलं. इथल्या मल्याळी नर्सा हसत होत्या, त्यांनी लाडू बटरमध्ये वळले होते.

माझ्याकडे एक रिटायर्ड बस ड्रायव्हर येतो, कट्टर ब्रिटिश, चिली पावडर आणि आंब्याचं लोणचं नेतो. त्याला हा किस्सा सांगितला तर हसला नाही. म्हणाला, हेच आम्ही ओरडत होतो, माझ्याच देशातून माझ्याच देशात माल येताना कागद का दाखवायचे, मग मी ब्रिटिश कसला. त्याच्या बाजूच्या पक्षाने, डीयूपीने, यावरून २०२२ च्या फेब्रुवारीत स्टॉर्मन्टचं, म्हणजे नॉर्दर्न आयर्लंडचं, सरकार पाडलं ते दोन वर्षं बंदच होतं. आणि त्याचवेळी हार्डवेअरवाला कोपऱ्यात चहा पीत बसलेला. दोघं एकमेकांना पोरवयापासून ओळखतात. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि क्रिकेट न कळणारी माणसं बोलतात तसं हवामानावर बोलायला लागले. डिसेंबरात स्टॉर्मन्टमध्ये ही व्यवस्था चालू ठेवायची का यावर मतदान झालं, ४८ विरुद्ध ३६ ने चालू राहिली. त्या दिवशी दोघंही दुकानात फिरकले नाहीत.

दरम्यान हार्डवेअरवाल्याने मला आधीच सांगायला हवं होतं ते सांगितलं. कशाला ब्रिटनच्या मागे लागतोस, डब्लिनहून आण. डब्लिन ईयूत आणि आपण मालापुरते ईयूच्या नियमांत, त्यामुळे तिथून व्हॅन निघाली की सरळ हायवेने न्यूरीत, मधे कस्टम्स डिक्लरेशन नाही काही नाही. मी डोक्याला हात लावला. डब्लिनच्या एका होलसेलरशी बोललो, तो म्हणाला माल बघून जा, रेट समोर बसून ठरवू, या ना, तासाभराचा तर रस्ता आहे.

आणि इथे खरी गंमत. त्या रस्त्यावर नाका नाही, बॅरियर नाही, कुणीही जातंय. पण ती मोकळीक, कॉमन ट्रॅव्हल एरिया, ब्रिटिश आणि आयरिश नागरिकांसाठी आहे. माझा पासपोर्ट भारतीय. यूकेचा व्हिसा असला तरी मला डंडॉकला जायलाही आयर्लंडचा व्हिसा लागतो. हे ब्रेक्झिटमुळे नाही हं, आधीपासूनच आहे, पण मला तेव्हा पहिल्यांदा टोचलं. म्हणजे इंग्लंडला मी न विचारता जाऊ शकतो आणि माल तिकडून येताना अडतो, डब्लिनहून माल न विचारता येतो आणि मी अडतो. दोन्ही मिळून एक धड माणूस होतो.

म्हणून परत फॉर्म. ऑनलाइन भरायचा, समरीची प्रिंट काढून सही, कशाला जाताय त्याचं पत्र, होलसेलरचं निमंत्रण, बँक स्टेटमेंट, इथल्या राहण्याचा पुरावा, आणि पासपोर्ट स्वतः. एका एंट्रीचे ६० युरो, मल्टिपलचे १००. मी मल्टिपल मागितला, पाच आठवड्यांनी पासपोर्ट आला तर आत एकाच एंट्रीचा.

जानेवारीत बसने गेलो. बॉर्डर कधी गेली ते कळलं नाही, रस्त्याच्या कडेची पांढरी रेघ पिवळी झाली आणि मोबाइलवर आयर्लंडमध्ये स्वागताचा मेसेज आला. थोडं पुढे गेल्यावर बस थांबली, एक गणवेशातला माणूस चढला, सगळ्यांकडे नजर टाकत मागे आला आणि माझ्याजवळ थांबला. पासपोर्ट दाखवला, व्हिसाचं पान उघडून दिलं, तो बघून थँक्यू म्हणाला आणि विचारलं कामासाठी का, मी म्हटलं पोहे बघायला. त्याला कळलं नाही, मीही समजावत बसलो नाही.

सौदा झाला. आता मसाले, डाळी, पोहे डब्लिनहून येतात, दर गुरुवारी व्हॅन. तूप मात्र काकांकडूनच घेतो, रेट चांगला आहे आणि आता शीट तोंडपाठ आहे. हार्डवेअरवाला दर पंधरा दिवसांनी त्यातला एक डबा नेतो, त्याची मुलगी डंडॉकला असते, नातवाला तूप-भात आवडायला लागलाय. तो सांगतो की त्याची आई कोटाच्या आत लोण्याचे गोळे लपवून याच रस्त्याने पलीकडे न्यायची, नाक्यावर शेकोटीजवळ थांबायला लागलं की वितळायचं. परवा डब्यावरची "नॉट फॉर ईयू" पट्टी चष्मा वर करून दोनदा वाचली, डबा गाडीत पुढच्या सीटवर ठेवला आणि त्याला बेल्ट लावला.

मला मार्चमध्ये परत डब्लिनला जायचंय. दुसऱ्या टॅबमध्ये फॉर्म उघडाच आहे, कशाला जाताय या रकान्यापर्यंत आलोय.