तुम्ही विचारलंत म्हणून: नववी-दहावीच्या मुलांना असे पुस्तक का?

"ताई, या वयात मुलांना हे असलं कशाला वाचायला देता?" हा प्रश्न गेल्या काही वर्षांत मला अनेक पालकांनी विचारला आहे, काहींनी रागाने आणि बहुतेकांनी काळजीने. आमच्या वाचनालयात दर शनिवारी नववी-दहावीच्या मुलांचा वाचनगट भरतो. तिथे मी पॅट्रिशिया मॅककॉर्मिक या अमेरिकन लेखिकेच्या 'सोल्ड' या कादंबरीतले निवडक भाग मराठीत सांगत वाचते, आणि प्रश्न या कादंबरीविषयीच असतो.

२००६ साली आलेली ही कादंबरी किशोरवयीन वाचकांसाठीच लिहिलेली आहे. नेपाळच्या डोंगरातल्या खेड्यात राहणारी १३ वर्षांची लक्ष्मी शहरात घरकाम मिळणार या समजुतीने घर सोडते आणि कोलकात्याच्या एका कुंटणखान्यात जाऊन पोहोचते. नेपाळमध्ये आणि कोलकात्यात जाऊन, सुटून आलेल्या मुलींशी आणि त्या वस्तीतल्या स्त्रियांशी बोलून लेखिकेने ती लिहिली. अमेरिकेतल्या अनेक शाळांच्या ग्रंथालयांतून अलीकडच्या वर्षांत ती काढून टाकली गेली आहे, तेव्हा तुम्हाला वाटणारी काळजी तिथल्या पालकांनाही वाटते, हे मी जाणून आहे.

तरीही मी ती वाचते. मुलांच्या विक्रीची वर्तमानपत्रातली बातमी सुटकेपासून सुरू होते: रेल्वे फलाटावर ओळीने बसवलेली मुले, त्यांचा आकडा, पकडलेल्या दलालाचे वय. ती मुले त्याआधी कोण होती, हे बातमीत येत नाही. कादंबरी मात्र घरापासून सुरू होते. लक्ष्मीची एक लाडकी शेळी आहे, तिने जिवापाड जपलेल्या काकड्या आहेत, आईच्या डोक्यावर पत्र्याचे छप्पर यावे एवढीच तिची इच्छा आहे आणि हाती आलेला पैसा जुगारात घालवणारा सावत्र बाप आहे. तिला घेऊन जाणारी माणसे परकी राहत नाहीत, ती नाते लावतात. आपण मुलांना अनोळखी माणसाकडून खाऊ घेऊ नका असे बजावत राहतो, पण मूल घराबाहेर पडते ते बहुधा ओळखीच्या, "पोरीचं भलं होईल" असे सांगणाऱ्या माणसाचा हात धरून, आणि पुष्कळदा घरच्यांच्या संमतीने. हे समजण्यासाठी घराच्या आतले दृश्य दिसावे लागते, आणि ते कादंबरी दाखवते.

एका शनिवारी आम्ही हिशेबाच्या भागापर्यंत आलो. एका गिऱ्हाइकाने आपल्यासाठी मोजलेले पैसे गावच्या दुकानातल्या कोका-कोलाच्या एका बाटलीइतकेच आहेत, हे लक्ष्मीच्या ध्यानात येते. कुंटणखान्याची मालकीण तर तिच्यासाठी मोजलेली रक्कम, जेवण, कपडे, औषध असे सगळे तिच्याच नावावर मांडत जाते. एका मुलाने वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीने बेरीज-वजाबाकी करायला घेतली. त्याचे आईवडील दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात. थोड्या वेळाने पेन्सिल खाली ठेवून तो म्हणाला, "ताई, ही तर उचल आहे. ही फिटत नसते." वर्गात कोणीच काही बोलले नाही. मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे कामाआधीची आगाऊ रक्कम, हंगाम संपला तरी कशी शिल्लक राहते, हे त्याला कोणी शिकवण्याची गरज नव्हती. कोलकात्याच्या त्या खोलीतला हिशेब आणि आपल्या घरातला हिशेब एकाच रीतीने मांडला जातो, हे त्याने आमच्या सगळ्यांच्या आधी ओळखले.

म्हणूनच "हे आपल्याकडचं नाही" हे म्हणणे मला पटत नाही. २०२२ साली इगतपुरी तालुक्यातली कातकरी आदिवासी मुले थोडेसे पैसे आणि एखाद्या मेंढीच्या बदल्यात मेंढ्या राखायला दिली गेली होती. हे उघड झाले ते त्यांतल्या एका लहान मुलीच्या मृत्यूनंतर.

मी संपूर्ण पुस्तक मुलांच्या हाती देत नाही. कुंटणखान्यातल्या अत्याचाराची प्रकरणे मी वाचून दाखवत नाही. तिथे काय घडते ते दोन वाक्यांत, न लपवता आणि न रंगवता सांगते. पालकांना आधी कळवते, आणि कोणाला उठून बाहेर जावेसे वाटले तर कारण विचारत नाही. १०९८ हा मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा क्रमांक फळ्यावर लिहिलेला असतो. तुमच्या काळजीतला एवढा भाग मला पूर्ण मान्य आहे.

या कादंबरीचा शेवट मात्र मला खटकतो. लक्ष्मीला सोडवायला एक अमेरिकन माणूस येतो. दार उघडण्याचे धैर्य तिचे स्वतःचे आहे, हे खरे, तरी सुटका बाहेरूनच यायची, असा ठसा मुलांच्या मनावर उमटतो. त्यामुळे शेवटचे पान संपले की मी त्यांना मुंबईची एक हकिगत सांगते. फेब्रुवारी १९९६ मध्ये मुंबईतल्या कुंटणखान्यांवर छापे पडले आणि शेकडो मुली व स्त्रिया सोडवल्या गेल्या. त्यांत नेपाळच्या पुष्कळ होत्या. त्यांचे सरकार त्यांना परत न्यायला पुढे येईना, म्हणून त्यांना कित्येक महिने इथल्या सुधारगृहांतच काढावे लागले. अखेर नेपाळमधल्या स्वयंसेवी संस्थांनी त्यांना मायदेशी नेले, आणि परतलेल्यांपैकी काहींनी त्याच वर्षी 'शक्ती समूह' ही स्वतःची संघटना उभारली. विक्रीतून वाचलेल्या स्त्रियांनीच चालवलेल्या या संघटनेला २०१३ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

ही हकिगत ऐकल्यावर गेल्या वर्षी एका मुलीने विचारले, "मग त्यांच्यावर पुस्तक का नाही लिहिलं?" वहीवर हिशेब मांडणारा तो मुलगा तिच्या शेजारीच बसला होता. मी दोघांनाही कोरे कागद दिले, आणि पुढचा शनिवार वाचनाऐवजी लिहिण्यासाठी ठेवला. त्याने आपल्या कागदावर पहिली ओळ लिहिली ती भट्टीवर जाताना घरी ठेवलेल्या कोंबड्यांविषयी.