तुम्ही विचारलंत म्हणून : मेलेल्या माणसाच्या गोष्टीत हसण्यासारखे काय असते?

‘माणूस मेलेला असतो, आणि तुम्ही पुस्तक हातात धरून हसता कसे?’ हा प्रश्न मला घरी आणि वाचनालयात इतक्यांदा विचारला गेला आहे की त्याचे उत्तर एकदा लिहूनच द्यावे असे ठरवले. हातातले पुस्तक बहुधा अमेरिकी रहस्यकथाकार बिल क्रायडर यांचे असते. टेक्ससमधल्या ब्लॅकलिन या काल्पनिक काउंटीचा (म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागाचा) शेरिफ, म्हणजे पोलीसप्रमुख, डॅन ऱ्होड्स हा त्यांचा नायक. त्याच्यावरच्या मालिकेतली पहिली कादंबरी 1986 साली आली. क्रायडर 2018 मध्ये वारले आणि शेवटची त्यानंतरच्या वर्षी निघाली.

मला हसू येते ते मृत्यूचे नव्हे, तर ‘अपघात’ या शब्दाचे. (मालिकेतल्या 1998 च्या कादंबरीचे नावच ‘डेथ बाय ॲक्सिडेंट’ आहे.) टेक्ससमध्ये 254 काउंट्या आहेत आणि त्यांपैकी बहुतेक ठिकाणी मृत्यूची तपासणी करणारा सरकारी डॉक्टर नसतोच. तिथे मृत्यू कशाने झाला हे ठरवण्याचे काम ‘जस्टिस ऑफ द पीस’कडे येते. हा अधिकारी मतदानाने निवडला जातो. तो डॉक्टर असावा अशी अट नाही, वकील असावा अशीही नाही. शवविच्छेदन करायचे की नाही हे तो ठरवतो, आणि ते करवले तर खर्च काउंटीच्या तिजोरीवर पडतो. शेरिफसुद्धा दर चार वर्षांनी मते मागायला उभा राहणारा. म्हणजे मेलेला माणूस ओळखीचा, ज्याच्यावर संशय घ्यायचा तो मतदार, आणि शंका काढावी तर खर्च वाढणार. अशा वेळी ‘पाय घसरला असेल’ हे वाक्य सगळ्यांनाच किती सोयीचे वाटत असेल! 2020 च्या जनगणनेत लव्हिंग नावाच्या खऱ्याखुऱ्या काउंटीची लोकसंख्या 64 भरली होती, आणि शेरिफ तिलाही निवडावाच लागतो.

ऱ्होड्सची पंचाईत अशी की त्याला हे सोयीचे वाक्य पचत नाही, आणि आरडाओरडा करण्याचा त्याचा स्वभावही नाही. तो डॉक्टर पेपर नावाचे शीतपेय पितो, जुने चित्रपट पाहतो आणि सुटलेल्या गुराढोरांच्या तक्रारींनाही खुनाइतक्याच गांभीर्याने धावून जातो. त्याच्या कचेरीत फोनवर आलेले निरोप टिपणारा हॅक आणि तुरुंग सांभाळणारा लॉटन हे दोन म्हातारे आहेत. घडलेली गोष्ट सरळ सांगणे त्यांना कमीपणाचे वाटते. एकाने अर्धे वाक्य बोलायचे, दुसऱ्याने ते अडवायचे, आणि शेरिफने एकेक शब्द ओढून काढायचा. माझ्या मते मालिकेतला सर्वांत चांगला विनोद इथे आहे, कारण बातमी आपल्या हातात आहे हीच छोट्या गावातल्या माणसाची श्रीमंती असते आणि ती तो एका दमात उधळत नाही.

एवढ्याशा काउंटीत इतके खून होतात कसे, हा तुमचा दुसरा आक्षेप मला मान्य आहे. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही आणि मी ते शोधलेलेही नाही.

हे सारे मला परके का वाटत नाही, याचे कारण माझे आजोबा. ते गावचे पोलीस पाटील होते. त्यांची नेमणूक सरकारची, मतांची नव्हे, इतका फरक सोडला तर बाकीची अडचण तीच. गावात कोणी विहिरीत सापडले की ठाण्याला खबर त्यांनी द्यायची, आणि ठाण्यात ‘अकस्मात मृत्यू’ अशी नोंद होऊन पंचनाम्याला पंच म्हणून उभे राहायचे ते मयताचे शेजारीच. अशा एका पंचनाम्यात ‘पाणी काढताना पाय घसरून’ असे लिहिले गेले. पंचांनी सह्या केल्या, सगळे चहाला आमच्या ओसरीवर आले. कपबशी खाली ठेवता ठेवता आजोबा कोणाकडेही न पाहता म्हणाले, ‘पाणी काढत होता म्हणता, मग बादली कुठं आहे?’ ओसरीवर कोणीही बोलले नाही. एकाने मात्र साखर मागितली.