वशिंडातली भेग

साच्यातून ‘टक्क’ असा आवाज आला तेव्हा ओतून जेमतेम पंचवीस मिनिटं झाली होती. रबाळे एमआयडीसीतला गाळा, जुलैचा पाऊस, झड आत येते म्हणून शटर अर्धं खाली. चौदा इंची नंदीचा साचा इतका तापला होता की रबरावर हात ठरत नव्हता. गाळ्यात रेझिनमधल्या स्टायरिनचा वास कोंडला होता, म्हणून आधी शटर वर घ्यायला लावलं. पाऊस आत आला तरी चालेल, पण त्या वासात माणसं बसवायची नाहीत.

कृत्रिम पाषाण म्हणजे प्लास्टिकला दगडाचा रंग, असा सर्रास समज आहे. तो चुकीचा आहे. आमच्या मालात वजनाने सत्तर टक्के खरा दगड असतो. पारसिकच्या डोंगररांगेतला बेसॉल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या दख्खनच्या लाव्ह्याचा. खडी क्रशरवरची भुकटी आणायची, शंभर मेशच्या बारीक चाळणीने चाळायची आणि पॉलिएस्टर रेझिन या घट्ट होणाऱ्या चिकट द्रवात बांधायची. या नंदीला नऊ किलो भुकटी आणि चार किलो रेझिन लागतं. रेझिनमध्ये आधी हार्डनरला चालना देणारं वीस ग्रॅम कोबाल्ट नीट घोटायचं, मग भुकटी, मग रंगाची काळी पेस्ट, आणि रेझिन घट्ट करणारं हार्डनर सगळ्यात शेवटी. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही ओतायचे नाहीत, भडका उडतो. नव्या माणसाला पहिल्या दिवशी मी हेच सांगतो, बाकी सगळं नंतर.

नंदीसारख्या जाड कामाला हार्डनर रेझिनच्या अर्धा-पाऊण टक्काच. रेझिन घट्ट होताना स्वतःच तापतं, आणि पातळ प्लेटमधून ती उष्णता निघून जाते. वशिंडाखाली मात्र सहा-सात इंच जाडीचा गड्डा असतो, तिथून ती जाणार कुठे? ती भुकटीने शोषायची. भुकटी नुसतं अंग भरायला नसते, हे बऱ्याच जुन्या कारागिरांनाही कुणी सांगितलेलं नसतं.

हा नंदी मामांनी ओतला होता. मी विचारलं, “मामा, हार्डनर किती टाकलं?”

“दोन टक्के. पावसात माल पकडत नाही, तुम्हाला माहितीये.”

“आणि भुकटी?”

“साडेसहा. त्याच्यावर ओतायलाच येईना, गोळा व्हायला लागला.”

दुसऱ्या दिवशी नंदी डायमंड ब्लेडवर उभा चिरला. कडेचा दीड इंच भाग नीट काळा, पण पाठीच्या बाजूला, जिथे साच्याचं तोंड उघडं होतं, तिथे अंगठा दाबला की ठसा उमटत होता. मधला गाभा तपकिरी पडलेला, आणि त्यात मोहरीएवढी छिद्रं, इडलीत असतात तशी. भेग वशिंडातून निघून थेट बैठकीपर्यंत. तिच्या दोन्ही बाजूंना नख फिरवलं तर कड काचेसारखी लागत होती.

मामांवर ओरडून विषय संपला असता. गाळ्यातल्या बाकीच्यांचं मतही ‘हार्डनर जास्त झालं’ एवढंच होतं. पण मला ती छिद्रं पटेनात. पोत्यातली एक किलो भुकटी कढईत तासभर परतली आणि गार झाल्यावर तोलली. नऊशे अठ्ठावन्न ग्रॅम. म्हणजे साडेसहा किलोबरोबर पाव लिटरहून जास्त पाणी रेझिनमध्ये कालवलं गेलं होतं. ओल्या भुकटीने माल घट्ट झाला म्हणून भुकटी कमी झाली. पाण्याने आणि काळ्या पेस्टमधल्या कार्बनने रेझिन पकडायला वेळ लागणार, म्हणून हार्डनर वाढलं. उष्णता वाढवणारं वाढलं, शोषणारं घटलं, आणि आतल्या पाण्याची वाफ झाली. मामांनी जे दोन बदल केले ते दोन्ही त्यांच्या हाताला समोर जे जाणवलं त्यावरून केले. पोती पॅलेटऐवजी ओल्या लादीवर उतरवून घेणारा मी होतो. पुरवठादार भर पावसात उघड्या टेम्पोतून माल पाठवतो, आणि हे वर्षानुवर्षं चालवून घेतलं जातं, याचा मला अजून राग येतो.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. भेग वाफेच्या दाबाने पडली, की तापलेला गाभा आधीच कडक झालेल्या कडेच्या आत आक्रसताना ताणला गेला? ती छिद्रांमधून जाते खरी, पण छिद्रं नसलेल्या बैठकीतही तितकीच सरळ उतरते. माझा कल दुसऱ्या कारणाकडे आहे.

दुसरा नंदी असा केला. भुकटी कढईत परतून गार केली. ब्रशने चार मिलिमीटरचा पहिला थर दिला. तो बोटाला चिकटेल पण बोटावर येणार नाही, इतका झाल्यावर पुढचा माल. गाभ्यात धुऊन, वाळवून घेतलेली सहा ते दहा मिलिमीटरची बेसॉल्टचीच खडी दाबून भरली. त्यामुळे रेझिन पावणेतीन किलोत भागलं. हार्डनर सोळा ग्रॅम. टेबल हलवत, एकाच कोपऱ्यातून बारीक धारेने ओतलं. चाळीस मिनिटांनी माल पकडला तेव्हा साचा कोमट होता. साच्यातून काढून तोलला तर पावणेपंधरा किलो. अखंड दगडाचा असता तर अठराच्या वर गेला असता.

गिऱ्हाईक ऐरोलीच्या एका सोसायटीचं. त्यांच्याकडच्या बाईंनी नंदी उचलून विचारलं, “पाषाणाचाच ना?” पाषाणाची भुकटी आणि खडी रेझिनमध्ये बांधलेली आहे, असं सांगितलं आणि बिलावरही तसंच लिहिलं. नुसतं ‘पाषाण’ लिहून दुप्पट भाव घेणारे आमच्याच धंद्यात आहेत. त्यांच्यामुळे हे वाक्य प्रत्येक बिलावर लिहावं लागतं. बाईंनी नंदी घेतला, उन्हात फिका पडेल का तेवढं विचारलं. मंडपात सावलीत ठेवा आणि घासणी लावू नका, असं सांगितलं.

पहिल्या नंदीचे दोन्ही तुकडे भुकटीच्या पोत्यांशेजारी फळीवर ठेवलेत. पोती आता पॅलेटवर असतात.