पाचव्या महिन्यातली मुलाखत

आज पुण्यातल्या एका कंपनीत लेखापाल पदासाठी मुलाखत दिली. जीएसटी, ताळेबंद, टॅली यांवरचे प्रश्न संपेपर्यंत सारे सुरळीत चालले होते. मात्र मला पाचवा महिना चालू असल्याचे मी स्वतःहून सांगितले आणि समोरच्या बाईंनी अत्यंत सौजन्याने "कळवू" म्हटले. लपवून रुजू होणे मला पटत नाही, हा माझा हट्ट म्हणा हवे तर.

मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठीची पगारी प्रसूती रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली आणि ती मिळण्यासाठी प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत त्या आस्थापनेत ८० दिवस काम भरावे लागते. म्हणजे आत्ता रुजू झाले तर मी पात्र ठरते, आणि नेमके हेच गणित त्यांनीही मनात मांडले असणार. ईएसआयच्या, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेच्या, कक्षेबाहेरच्या कर्मचाऱ्यांच्या रजेचा सगळा पगार मालकालाच सोसावा लागतो. इतर अनेक देशांप्रमाणे तो भार सामाजिक विम्याने उचलला, तर गरोदर उमेदवाराकडे खर्चाची बाब म्हणून पाहिले जाणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

सोमवारी हडपसरला दुसरी मुलाखत आहे. तिथे पगाराचा विषय निघण्याआधीच सांगणार आहे.